बिनागाडीचा मुराळी

२ मे, शुक्रवार. सकाळी

ही वही एक जानेवारीला घेतली. रोज एक पान, असा नियम. आज हे पहिलं पान. टाळलं असं नाही. जानेवारीत पेन नव्हता. फेब्रुवारीत पेन मिळाला, पण तेव्हा गाडी होती, आणि गाडीवाल्या माणसाला एका जागी बसून लिहिता येत नाही. मार्च-एप्रिलचं आठवत नाही.

आता गाडी नाही. म्हणून वही.

मोटरसायकलचं थोडक्यात: दिग्रसकडे घरी निघालो होतो. दारव्ह्याजवळ शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, बोर्ड दिसला, वळलो. तिथं कोणी म्हणालं, पुढच्या गावात कुस्त्या आहेत. तिकडे वळलो. मधातच इंजिन जाम. मेकॅनिक म्हणे, भाऊ, यात ऑइलचा थेंब नाही. त्याचं शिक्षण तेवढंच. माझ्या मते गाडीचं आयुष्य संपलं होतं.

निर्णय: यापुढे बिनागाडीचं जगायचं. मोठ्या शहरातले लोक जिममध्ये जाऊन चालतात, तेही जागच्या जागी. माझी रूम यवतमाळात, पण आर्णी रोडच्या पार टोकाला, नव्या ले-आउटमध्ये. झाड नाही, दुकान नाही, नाव सांगितलं की ऑटोवाला गिअर टाकून निघून जातो. म्हणजे चालणं आपोआप. पोलीस भरतीची तयारीही त्यातच. (धावणं पाऊस पडल्यावर सुरू.)

घरमालक डोमाजी काकांना निर्णय सांगितला. ते म्हणे, मे महिन्याच्या उनात पायी फिरनारा एक तं पोस्टमन असते नाहीतर येडा, आन पोस्टमनले आता गाडी भेटली.

संध्याकाळी

ताईचा फोन. खुशीताई पांढरकवड्याला दिली आहे. सातवा महिना अर्धा झाला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे. पण तिच्या सासूबाई, गिरजाबाई, रीतीला पक्क्या. माहेरून भाऊ न्यायला आल्याशिवाय सून उंबऱ्याबाहेर पडणार नाही. आणि वीस तारखेला आठवा लागतो. आठव्यात पोटुशी बाई हलवत नाहीत. मग बाळंतपण तिथंच.

भाऊ मी एकटाच. म्हणजे मुराळी मीच.

ताई म्हणे, कवा येतं रे नयन्या? मी म्हटलं, तुला एस्टीत धक्के खात नेणार नाही, एसी गाडी घेऊन येतो. ती पुढं काही बोलत होती. मी तोवर गाडीच्या विचारात होतो.

४ मे, रविवार

प्लॅन पक्का. कपिल माझा वर्गमित्र, बापाचं कृषी केंद्र, दारात पांढरी कार. राहतो धामणगाव रोडला. म्हणजे मी शहराच्या या टोकाला, तो त्या टोकाला. फोनवर कार मागणं बरं दिसत नाही. पायी जाऊन मागायची.

सकाळी सातला निघालो. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा, तोंडाला दुपट्टा. दहा मिनिटांत एका घरापुढं गर्दी. कूलरमध्ये धामण शिरली होती. सर्पमित्र बोलावला होता, तोही पायीच येत होता बहुतेक. तो येईपर्यंत उभा राहणं माणुसकी. मग धामण निघाली. मग ती नाग नाही म्हणून बघ्यांतल्या दोघांचं भांडण. मी मध्ये पडलो.

अकरा वाजले. डांबर चपलेला चिकटायला लागलं. दत्त चौकात एटीएममध्ये शिरलो, एसी होता. वॉचमन म्हणे, काढता का टाकता? मी म्हटलं, विचार करून राह्यलो. तो म्हणे, विचार भाईर करा.

परत आलो. अर्धा रस्ता पाहून झाला, हे काही कमी नाही.

६ मे, मंगळवार

शेवटी कपिलला फोनच केला. तो म्हणे, लग्नाच्या तिथी हायेत ना बाप्पा, गाडी नवरदेवाले गेली, फुलं लावून. तेरा तारखेनंतर पाहू. चला, तारीख मिळाली. काम झाल्यासारखंच.

आज वाचनालयात बसलो. अभ्यासासाठी. तिथं कूलर आहे हा योगायोग. शेजारी एकजण उंटांवरचं पुस्तक वाचत होता. उंट तहानेशिवाय किती चालतो, ते त्याला विचारत बसलो. संध्याकाळ झाली.

८ मे, गुरुवार

आईचा फोन. म्हणे, गाडी-गाडी काय लावलं? एस्टी कायले बनवली सरकारनं? मी रस्त्यातले खड्डे समजावून सांगितले. आई म्हणे, खुशीच्या वक्ती मले तुह्या मामानं बंडीतून नेलं होतं, बैल बी एक लंगडा होता. मी म्हटलं, आई, जमाना बदलला. ती म्हणे, जमाना बदलला, पण मामासारखा भाऊ नाही रे भेटला माह्या पोरीले. आणि फोन ठेवला.

आईला शुगर आहे. चिडचिड होते.

११ मे, रविवार. रात्री

आज फार धावपळ. विचार केला, गाडी तेरानंतर मिळणार, तोवर रस्ता पाहून यावा. म्हणजे खड्डे कुठं, सावली कुठं, ताईला उलटी आली तर कुठं थांबायचं. पाहणीशिवाय काम करणारा माणूस मी नाही.

स्टँडपर्यंत चालतानाच जीव गेला. तेवढ्यात शंकरसिंगची काळीपिवळी जीप दिसली. दिग्रसच्या शाळेतला दोस्त, बंजारा तांड्यावरचा. म्हणे, बस मांगं, पांढरकवड्याकडंच चाललो. मागं बायकाच बायका. गोरबोलीत गाणी चालली होती. मला भाषा येत नाही, पण ताल छान होता. मी टाळ्या वाजवल्या. जेवढ्या जोरात वाजवल्या तेवढ्या जोरात त्या हसल्या. नंतर शंकरसिंगनं सांगितलं, नवरदेवाचं वऱ्हाड आहे, आणि त्या बायका मला नवरीकडचा समजून गाण्यातून शिव्या देत होत्या. ते पूर्ण गाणं माझ्या नाकावर होतं.

पांढरकवडा थोडं राहिलं असताना गाडी फाट्याला वळली. तांड्यावर लग्न. म्हटलं, पाच मिनिटं. टोपी-दुपट्टा देऊन सत्कार केला. नाही कसं म्हणणार? बुंदी वाढली. बँड लागला. एका म्हाताऱ्यानं हात धरून ओढलं, म्हणे, नवरीवाल्याइनं नाचाच लागते. मी नवरीवाला नाही, हे सांगायला तोंड उघडलं, त्यात त्यानं पेढा घातला.

नाचताना ताईचा फोन. म्हणे, तुह्या मांगं बँड काहून वाजून राह्यला? मी म्हटलं, शोरूममध्ये आहे, गाड्या पाहून राह्यलो, आजकाल तिथं बँड लावतात. मग म्हणे, बॅग भरून दारापाशी ठेवली आहे. सासूबाई रोज ती बॅग ओलांडून आत-बाहेर करतात. मग म्हणे, आंब्याचं लोणचं आईच्या हातचं खावं वाटते. एवढंच.

मांडवात जरा पाठ टेकली. उठलो तर काळीपिवळी गायब. नवरी, रुखवत, आणि माझी जागा सगळं नवरदेवाकडं गेलं.

फाट्यापर्यंत चालत आलो. डावीकडं पांढरकवडा, अगदी जवळ. उजवीकडं यवतमाळ. डावीकडची बस आधी आली. हात दाखवायला उचलला होता. पण गाडीशिवाय, टोपी-दुपट्ट्यात, पेढ्याच्या तोंडानं सासूबाईंसमोर काय जायचं? माणसाची एक किंमत असते. मंडपाचे बांबू घेऊन जाणाऱ्या टेम्पोत बसून यवतमाळला आलो.

पाहणी यशस्वी. फाट्याजवळ एक मोठा खड्डा आहे.

१४ मे, बुधवार

कपिलकडे पोचलो. होय, पोचलो. पहाटे पाचला निघालो आणि कुठंही थांबलो नाही. (एकदा थांबलो. गारेगारवाला ओळखीचा निघाला.)

कपिल म्हणे, चालवता येते ना? मी म्हटलं, ट्रॅक्टर चालवला आहे. तो म्हणे, कारचं विचारतो मी. मी म्हटलं, चाकं तेवढीच. बसलो. एसी लावला. काय गारवा! डोळे मिटले. मिटायला नको होते, कारण गाडी चालू होती, आणि गिअर मागचा पडला होता. कपिलच्या घरचं गेट नवीन होतं, असं तो नंतर वारंवार सांगत होता.

त्यानं किल्ली काढून घेतली. म्हणे, नयन, तू पायीच बरा. मीही तेच म्हणतो की दोन तारखेपासून! लोक माझ्या विचाराशी हळूहळू सहमत होत आहेत.

परत येताना ऊन फार.

१७ मे, शनिवार

ऊन लागलं. दोन दिवस लिहिलं नाही, कारण वही गरम लागते. डोमाजी काकांच्या घरून पन्हं येतं. काका दारातूनच ग्लास देतात आणि विचारतात, पोस्टमन का येडा?

आई म्हणे, गिरजाबाईचा निरोप आला, सोमवारपर्यंत न्यायला मूळ आलं नाही तं पोरगी इथंच राहीन. ताईचा फोन आला नाही. मीच लावला. ती म्हणे, नको येऊ रे आता, तुले ऊन लागलं म्हणतेत. आवाज रडल्यासारखा होता. की नेटवर्क.

रात्रभर झोप नाही. मला लहानपणी यात्रेत ताईनं पाठकुळी घेऊन फिरवलं होतं. चालून चालून तिच्या पायाला फोड आले होते. मी वरून सांगत होतो, इकडे वळ, तिकडे वळ.

ठरलं. सोमवारी पहिली एस्टी. गाडी नको, एसी नको. फक्त जायचं.

१९ मे, सोमवार. दुपारी

सगळं नियोजनाप्रमाणे झालं, थोडं सोडून. पहाटे निघालो. बस सुटायच्या आधी स्टँडवर. बस समोर उभी, खिडकीची जागा रिकामी. मग लक्षात आलं, बहिणीच्या सासरी मूळ म्हणून जायचं आणि हात रिकामे? गिरजाबाई काय म्हणतील? समोरच्या हातगाडीवर आंबे होते. आंबेवाला म्हणे, हे नका घेऊ, पलीकडल्या गल्लीत घ्या, दशहरी आले. इतका इमानदार माणूस! त्याच्याशी बोलत, दशहरी निवडत, आलो तोवर बस गेलेली. पुढची लग्नाला गेलेली. त्यापुढची येईल म्हणतात, असं कंट्रोलर म्हणाला. तीही आली नाही. बाकावर बसून वाट पाहिली, आंबे उन्हात पिकायला लागले, दोन खाल्ले. मग चक्कर आली म्हणून घरी आलो.

पण अजून वेळ गेलेली नाही. आठवा उद्या लागतो. उद्या म्हणजे सकाळी की दुपारी, हे पंचांगात पाहावं लागेल. दुपारी असेल, तर सकाळच्या पहिल्या बसनं... किंवा शंकरसिंगला आताच फोन करतो, रात्री काळीपिवळी रिकामी असते, एकदम शांतपणे गिरजाबाईंशी बोलायचं, त्यांचा स्वभाव कडक असला तरी मी समजावून

डोमाजी काका जिना चढून आले. धापा टाकत होते. म्हणे, खाली ये. एस्टीनं दोन बाया आल्या हायेत, पांढरकवड्याहून. एक तुही बहीण, माह्या कूलरपुढं पाय पसरून बसली. दुसरी बुढी, डोक्यावर बॅग घेऊन उभी, बसाले तयार नाही. म्हणते, आठवा लागायच्या आत सुनेले तिच्या मायकडं पोचवून देतो, रीत गेली खड्ड्यात. दिग्रसची गाडी अर्ध्या घंट्यात हाय.

मी विचारलं, मग इकडं कशाला आल्या?

काका म्हणे, तुलेच घ्याले आल्या बाप्पा. बुढी म्हणते, पोरालेबी संगं घेऊन जातो, त्याच्यापाशी गाडी नाही, तो कसा पोचन?