दोनच ओळी

वैशाख, रविवार संध्याकाळ

केडगावच्या उन्हाळी महोत्सवात शाळेतली कविता म्हणायला बोलावलं, म्हणून टोपीला सकाळीच इस्त्री केली. अख्खा आठवडा अंगणात म्हणून बघत होतो. स्टेजवर डोळे मिटून दोनच ओळी म्हटल्या, तोच साउंडवाला खालून ओरडला, "आवाज लई भारी येतोय! बास, आजोबा, उतरा आता." लगेच ऑर्केस्ट्रा सुरू. म्हणजे मी माईक तपासायला?

ज्यानं बोलावलं तो शेजारचा संजू हसत म्हणाला, "काका, पब्लिकला नाचायचंय. मटका कुल्फी तरी खाऊन जा."

नाही खाल्ली. एवढं काय लागलं मला?

घरी सूनबाईनं विचारलं, "झाली का कविता?" झाली म्हणालो. टोपीची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. उरलेली कविता आत्ता एकट्यानं म्हणायला गेलो, तर तिसरी ओळच आठवेना.