अनूले कोणाजवळ ठेवू

३ नोव्हेंबर

पाळणाघर पाहून आली. भिंतीवर ससे काढलेले, सगळं चकाचक! मॅडम म्हणे, "सहाले दार बंद म्हणजे बंद." आता जिनिंगच्या वजनकाट्यावर कापसाच्या गाड्यांची लाईन लागली की मी सहाले सुटू कशी? एक हप्ता सकाळी सहाची पाळी, एक हप्ता दुपारी दोनची. शेवटची गाडी खाली होईपर्यंत जागचं हलायचं नाही. अन् यांची ॲम्बुलन्सवर रात्रपाळी. फी ऐकली अन् मी सरळ चप्पल घातली.

५ नोव्हेंबर

डोणगावहून सासूबाईचा फोन. "सीजन सरेपर्यंत पोरीले इकडं आणून टाक." टाक म्हणे! आठ महिन्याची अनू, अजून अंगावर पिते. मी दात-ओठ खाऊन "पाहू" म्हटलं. कोणी भेटलं नाही तर पोरगी जाते माह्याजवळून. नाही पाठवणार!

६ नोव्हेंबर

भेटली! मागच्या गल्लीतली चांगुणाबाई. एकटीच राहते. सकाळी बाळंतिणींचं अंग चोळायले जाते, दहानंतर घरीच. शेजारच्या सबीहा भाभीचं पोरगं तिच्याचजवळ असते. मी भीत भीत विचारलं, रात्रीचे दहा वाजले तर? म्हणे, "मले कोणती गाडी पकडाची हाय? झोपलेली घेऊन जाजो." पैशाचं काय, तर "जमन तसं दे." मले रडूच आलं.

सकाळच्या पाळीत हे पहाटे ड्युटीवरून आले की दहापर्यंत पाहतील, मग तिच्याकडं सोडतील. ठरलं!

१८ नोव्हेंबर

अनू लय शहाणी झाली. हे सोडतात तेव्हा झोपलेली, मी आणते तेव्हा झोपलेली. चांगुणाबाई म्हणे, "तुही पोरगी लयच झोपते वं." मी म्हटलं, मावशी, नजर नका लावू!

२० नोव्हेंबर

काट्यावर चांगुणाबाईचा फोन — "पोरगी उठूनच नाही राह्यली." तशीच पळाली. मान टाकलेली, हाक मारली तरी हूं की चूं नाही. दवाखान्यात संध्याकाळपर्यंत ठेवलं. डॉक्टरनं विचारलं, "झोपेसाठी जायफळ उगाळून देता का?" मी कशाले देऊ! अन् चांगुणाबाईच्या घरातली सहाण आठवली. गल्लीतल्या सगळ्या लेकरांची घुटी तीच तर उगाळते.

सहा वाजता अनूनं डोळे उघडले. मी तिले छातीशी धरून किती वेळ बसली, मलेच माहीत.

२१ नोव्हेंबर

गल्लीत उभी राहून तिले नाही नाही ते बोलली. दहा घरांले ऐकू गेलं असंल. "लेकरांले गुंगवून पैसे खाते!" म्हटलं. ती एकच बोलत होती, "म्या नाही देल्लं वं माय." सबीहा भाभीनं तिथल्या तिथं पोरगं काढून घेतलं. बरंच झालं!

हे दारात खाली मान घालून उभे. रात्रभराचे जागे बिचारे.

२५ नोव्हेंबर

दुसरं कोणीच भेटलं नाही. चार ठिकाणी विचारलं. आज अनूले डोणगावले सोडून आली. येताना एसटीत दुधानं ब्लाउज भिजला, पदर गच्च गुंडाळून बसली. घरात पाय ठेववत नाही.

२८ नोव्हेंबर

आजची पाळी बुडवली. पडून राह्यली.

३० नोव्हेंबर

जेवताना हे ताट सारून रडायले लागले. जायफळ हेच देत होते. पाळीवरून येऊन दहापर्यंत डोळा लागावा म्हणून. सासूबाईनंच सांगितलेलं, काही होत नाही म्हणून. "गाडी चालवताना डुलकी लागून राह्यली होती वं. मागं पेशंट असते." कोणाले शिव्या देऊ?

तशीच चांगुणाबाईच्या दारात गेली. पाय धरायचे होते. तिनं दार उघडलं, माह्या रिकाम्या हाताकडं पाह्यलं अन् म्हणे, "लेकरू काऊन नाही आणलं?"