गाडीच्या उजव्या बाजूची चौकशी

मोदेना, नाताळच्या आधीचा सोमवार

आदरणीय अल्चीदेदादांना एर्मेसचा सप्रेम नमस्कार.

आपली तब्येत उत्तम असेल, तोरिनोच्या थंडीत गुडघे साथ देत असतील आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंनी पियानो शिकण्याचा नाद सोडला असेल, अशी आशा करतो. इकडे सगळं क्षेम आहे. धुकं इतकं दाट की परवा मी शेजाऱ्याच्या फाटकाला आपली किल्ली लावत उभा होतो (आणि ते उघडलं, ही जास्त काळजीची गोष्ट). तुमची बहीण निवेस ठणठणीत आहे. सध्या ती माझ्याशी फक्त जेवायला वाढताना बोलते. का, ते पुढे येईलच. तेवढा भाग कृपया खुर्चीवर बसून वाचावा.

तुम्हाला ठाऊक आहेच, शिवणकामाचं दुकान बंद केल्यापासून माझ्या हातांना चैन नाही. उगाच पडद्यांच्या कडा उसवून पुन्हा शिवत बसतो. हे कोपऱ्यावरच्या बारमधल्या मंडळींच्या कानावर गेलं (निवेसनेच घातलं असणार). त्यांच्या डोक्यात त्याच सुमारास एक कल्पना शिजत होती. तुम्ही आणि फेदेलेकाकांनी युद्धाआधी पत्रा ठोकून घडवलेली ती लाल शर्यतीची गाडी, आपला शर्यतवीर ओत्तोरीनो डोंगरातल्या वळणांवरून पळवायचा ती, तुम्हाला मी काय सांगणार. खरी गाडी कुठल्या देशात कुणाच्या तबेल्यात आहे कोण जाणे. तुमचं वर्कशॉप पाडून तिथं तीन मजली इमारत झाली, बाल्कन्यांत चड्ड्या वाळत असतात. तेव्हा ठरलं असं की आपल्या गावच्या संताच्या, सान जेमिन्यानोच्या उत्सवाला त्या गाडीची एक लहानशी लाकडी प्रतिकृती बारच्या काचेच्या कपाटात ठेवायची, ओत्तोरीनोच्या जुन्या डगल्यांशेजारी. करणार कोण? सुताराला वेळ नव्हता, ज्यांना वेळ होता त्यांचे हात कापत होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी मूर्खासारखा लाजलो.

आता लाकडाची गोष्ट. बाजारातून पाइनचं लाकूड आणलं, चार दिवस रंधा मारून अंग गोल केलं आणि स्टोव्हजवळ वाळत ठेवलं. सकाळी बघतो तर गाडीने आपण होऊन डावीकडे वळण घेतलेलं. मग अक्रोडाचं आणलं, ते नाकापासून शेपटीपर्यंत तडकलं. तेव्हा मला असं कुतूहल वाटू लागलं की या घरात पुरतं वाळलेलं, आता काही झालं तरी न हलणारं असं लाकूड आहे तरी कुठलं? मी कान लावून एकेक वस्तू ठोकून पाहू लागलो. खुर्च्या, कपाट, पलंगाची पाटी. (निवेस दोनदा दार उघडून आली, कोण आलंय म्हणून.) सगळ्यांत सुरेल आवाज आला तो, दादा, तुमच्या आईच्या पाटाचा. होय, तोच. सारण भरायच्या तोर्तेल्लीनीची पोळी ज्यावर लाटतात तो. लिंडनचं लाकूड, चाळीस हिवाळे चुलीशेजारी काढलेलं, पीठ पिऊन पिऊन हस्तिदंतासारखं झालेलं! मी सगळा नाही घेतला. मागच्या बाजूची, जिथं लाटणं सहसा पोचत नाही, तेवढी पट्टी कापली आणि कड अशी सफाईने घासली की कुणाला शंका येऊ नये.

त्यानंतरच्या रविवारी निवेसने पोळी लाटली. ती पाटाच्या मागच्या कडेवरून टेबलक्लॉथसारखी खाली लोंबू लागली आणि तिचं टोक मांजराच्या नाकाला लागलं. निवेस ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. लाटणं हातात तसंच धरून तिनं शांतपणे विचारलं, “एर्मेस, आपला पाट आक्रसलाय का रे?” मी म्हणालो, थंडीने असेल. या उत्तराबद्दल मी नंतर पाद्रीबाबांपुढे कबुली दिली. त्यांनी पापाचं सोडून पाट किती कापला तेच तीनदा विचारलं आणि एवढ्या पापाला आपल्याकडे प्रायश्चित्त नाही असं सांगून मला घरी पाठवलं.

पण लाकूड! काय लाकूड होतं म्हणून सांगू. पट्ट्या एकावर एक चिकटवल्या, पटाशीने कोरल्या, केसभर हलल्या नाहीत. चाकांना दोऱ्याची रिकामी रिळं, आऱ्यांना मोडक्या छत्रीच्या काड्या, धुराच्या नळीला काळी रंगवलेली पोकळ माकारोनी (पहिली नळी उंदराने नेली, दुसरीला रंग दुप्पट लावला). आकार मात्र आणायचा कुठून? नकाशा नाही, कारण तुम्ही लोकांनी नकाशा कधी काढलाच नव्हता. फोटो एकच, शर्यतीतला, तोही डाव्या बाजूने. मग मी जन्मभर जे केलं तेच केलं. कागदाची घडी घातली, फोटोवरून डावी बाजू आखली आणि दुहेरी कापली. उघडली की उजवी तयार. अहो, शिंपी दुसरं काय करणार? सगळं आयुष्य लोकांचे उतरलेले खांदे सारखे दाखवण्यात गेलं माझं.

आठ दिवसांपूर्वी, रविवारी, गाडी बारमध्ये नेली. मंडळींनी वाहवा केली, लाम्ब्रुस्को वाइनचे ग्लास भरले. मग फेदेलेकाका उठले. तुम्हाला त्यांची सवय माहीत आहे, डोळ्यांनी काही बघायचंच नाही. डोळे मिटले आणि नाकापासून शेपटीपर्यंत डाव्या बाजूवरून तळहात फिरवला. चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता मला मिठी मारणार. मग उजव्या बाजूवरून हात फिरू लागला आणि मध्येच थांबला. पुन्हा मागे गेला, पुन्हा थांबला.

“शिंप्या, ही बाजू कुणाची?”

मी म्हणालो, कुणाची म्हणजे, गाडीची.

“ही माझीच आहे. उलटी केलेली. दोन्हीकडे मीच? मग तो काय तिथं उभा राहून कणसं सोलत होता?”

दादा, तुमचं नाव त्यांच्यासमोर कुणी घेत नाही, हे तुम्हीही ऐकून असाल. डावी बाजू त्यांनी ठोकलेली, उजवी तुम्ही; तुम्ही त्यांना न विचारता ती फुगवलीत, त्यांनी सगळ्यांदेखत “गाडीला गालगुंड झालंय” म्हटलं, तुम्ही एप्रन काढून तोरिनोची आगगाडी पकडलीत. त्यानंतर तुमचं एकमेकांना एक पत्र नाही. त्यामुळे बारमध्ये सगळे आपापल्या ग्लासात बघू लागले. वातावरण सैल करावं म्हणून बारमालक बोलला, त्यात काय काका, ती बाजू पोट सुटलेलीच होती, एर्मेसने सरळ केली ते बरंच झालं. त्यावर काकांनी टेबलावर अशी मूठ आपटली की माझी माकारोनी गळून पडली.

“सरळ? गाढवा, आणि ओत्तोरीनोचं कोपर कुठं ठेवलं असतंस? तुझ्या खिशात?”

एवढं बोलून स्वतःच दचकले. ग्लास तसाच ठेवला आणि निघून गेले. माझ्या मनात मात्र किडा वळवळू लागला. ओत्तोरीनो उजवीकडे बसायचा आणि चांगला गुबगुबीत होता, मान्य. पण खरंच कोपराचा प्रश्न होता का? मी बारमालकाला काचेचं कपाट उघडायला लावलं आणि दोन्ही डगले बाहेर काढले. जुना, आधीच्या गाडीतला, त्याचं उजवं कोपर ठिगळावर ठिगळ. दुसरा तुमच्या गाडीत दोन हंगाम घातलेला, त्याच्या कोपराचा धागासुद्धा उसवलेला नव्हता. दादा, कापड खोटं बोलत नाही. दोन्ही कोपरं मी सगळ्यांच्या नाकासमोर धरली. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि ताबडतोब म्हणाले, आम्हाला हे आधीपासून माहीत होतं.

मग फुगवटा होता तरी किती? बारमालक म्हणतो बोटभर. न्हावी म्हणतो मूठभर. पाद्रीबाबा दोन्ही हात पसरून दाखवतात (पण तेवढं तर ते माशाबद्दलही दाखवतात). काकांना रस्त्यात गाठून विचारलं तर, “मला काय विचारतोस, माझी बाजू आहे का ती?” मी स्वतः प्रयत्न केला. माझा फुगवटा कोटाच्या खिशात कुणी जाडजूड पाकीट ठेवावं तसा दिसतो. शेवटी वैतागून उजवी बाजू करवतीने कापूनच टाकली. सध्या अर्धी गाडी स्वयंपाकघरातल्या टेबलावर फळांच्या टोपलीला टेकून उभी आहे. निवेस म्हणते, एका बाजूने खाऊन ठेवलेल्या माशासारखी दिसते.

असो, पत्र फार लांबलं. त्या फुगवट्याचं काही माप आपल्या आठवणीत असेल तर सवडीने कळवावं, एवढंच. घाई मुळीच नाही.

आपला,
एर्मेस

ता. क. घाई आहे. उत्सव जानेवारीअखेर आहे. आणि माप कळवू नका. मापाने ही बाजू होणार नाही, एवढं मलाही कळतं. आपला तळहात घेऊन या. लिंडनचा एक तुकडा मी राखून ठेवला आहे.

पुन्हा ता. क. (हे निवेसने माझ्या हातून पेन ओढून लिहिलं आहे.) दादा, तो तुकडा कुठून आला ते त्याने सांगितलेलं नाही. पाट आणखी चार बोटं आक्रसलाय. तू ये, आणि येताना नवा पाट घेऊन ये. तुझी खोली झाडून ठेवली आहे. तू येणार नाहीस असं हा म्हणतो, मी म्हणते येशील. मला खोटी पाडू नकोस.

आणखी एक. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात फेदेलेकाका आले. दोन अंडी उसनी हवी होती म्हणे (त्यांच्या परसात कोंबड्यांचं गाव वसलेलं आहे). कुणाला लिहितोस, असं विचारलं. मी म्हणालो, तोरिनोला. ते कितीतरी वेळ त्या अर्ध्या गाडीच्या कापलेल्या बाजूकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, “त्याला लिही, हातोडी आणू नकोस म्हणावं. त्याची माझ्याकडेच राहिलीय.” आणि कोटाच्या खिशातून काढून टेबलावर ठेवली. दांडा नवा बसवलेला, तोंडाला ताजं तेल. अंडी न घेताच गेले. लाकडाला हातोडी लागत नाही, हे मी काही त्यांना सांगितलं नाही.