मामानं बसवलेला चौथा पाय

सिडको, छत्रपती संभाजीनगर
१२ जुलै

चि. तनुजा हिला सोमनाथमामाचे अनेक आशीर्वाद. (आशीर्वाद द्यायचा हक्क माझ्याकडं अजून शिल्लक आहे का, अशी शंका आहे. पण भाचीला पत्र लिहायचं तर मामानं दुसऱ्या कशानं सुरुवात करावी, ते मला ठाऊक नाही.) तुझी प्रकृती ठीक असेल. लाकडाच्या भुशानं शिंका येत होत्या, त्या थांबल्या का? करमाडच्या शेडचे पत्रे गळत होते, ते बदललेस का? आक्काला आणि भाऊजींना नमस्कार सांग, मात्र हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस. इकडं तुझ्या मामीचा गुडघा होता तसाच आहे. माझ्या कंबरेचं पुढं लिहितो, कारण सगळ्या प्रकरणाचं मूळ तीच निघाली.

करमाड इथून बसनं अर्ध्या तासावर आहे आणि खिशात मोबाईल आहे, तरी मामा कागद घेऊन का बसला, असं तुला वाटेल. परवा तुझा फोन आला. तू विचारलंस, "मामा, बाकाला चौथा पाय कसला?" मी "आवाज तुटतोय गं" म्हणून फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता. अगदी स्वच्छ येत होता, तुझ्यामागं कुणीतरी रंधा मारत होतं तोसुद्धा. चौसष्टाव्या वर्षी पोरीबाळींना असल्या थापा मारायच्या म्हणजे काय, हे माझं मलाच कळत नाही. तोंडानं सांगायला जीभ रेटत नाही म्हणून लिहून सांगतो.

तू जूनमध्ये तो बाभळीचा बाक आणून हॉलमध्ये ठेवलास आणि "मामा, हा तुमच्यासाठी" म्हणालीस. मी "वा वा" म्हणालो. (ती वा वा खोटी होती. तिथूनच मोजायला सुरुवात कर.) तू टेम्पोत बसून वळणाआड गेल्याबरोबर मी कपाटातून पाणसळ काढली. तुला माझी पाणसळ माहीत आहे, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं काढली, निवृत्तीच्या दिवशी सगळं परत केलं, ती तेवढी ठेवून घेतली. तिच्यापायी मी गुलमंडीतल्या एका दुकानदाराचा गल्ला उचलून सरळ करायला लावलेला आहे आणि एका लग्नात नवरा-नवरीचं स्टेज दीड इंच उतरतंय हे मंगलाष्टकं चालू असताना मुलीच्या बापाला सांगितलेलं आहे. तर पाणसळ बाकावर ठेवली आणि बुडबुडा जो एका टोकाला पळाला तो परत येईना. बैठक डावीकडं उतरलेली, मधे खळगा, पाठ एका बाजूनं वर चढत गेलेली, आणि पाय तीन! तीन तिगाडा काम बिगाडा, असं आपल्याकडं उगाच म्हणत नाहीत. पडेल या भीतीनं मी त्यावर एकदाही बसलो नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला मात्र सांगत राहिलो, की भाचीनं केलाय, अजून शिकतेय बिचारी. हे "बिचारी" आता घशात अडकतंय.

पुढं तुझा निरोप आला, की पुण्याच्या प्रदर्शनासाठी निवड करायला शकीलामॅडम गुरुवारी येतायत, सगळ्यात चांगलं काम मामाच्या घरी आहे म्हणून थेट तुमच्याकडंच पाठवते. वर्षभर तू ज्या प्रदर्शनाचं नाव घेत होतीस ते हेच, आणि सगळ्यात चांगलं काम म्हणजे हे? मी ठरवलं, पोरीची अब्रू आपण वाचवायची. (खरंच सांगतो, हेतू चांगला होता. कालवे फुटतात तेव्हाही सगळ्यांचे हेतू चांगलेच असतात.) कडुबा मिस्त्रीला बोलावलं. त्यानं बाक उलटा केला, सांध्यांवरनं हात फिरवला, परत सुलटा केला आणि म्हणाला, "साहेब, ह्ये बिघडलेलं नाय. आधी बसून तर बघा." मी म्हटलं, बसायचं नाही, दुरुस्त करायचंय. तो म्हणाला, "मंग मला जमायचं नाय. लई हिकमतीचं काम हाय हे, पाप लागंल." आणि चहाही न घेता गेला.

तेव्हा मी स्वतःच हत्यार उचललं. मामी दोन दिवस भावाकडं सिल्लोडला गेली होती, तेही पथ्यावर पडलं. गच्चीवरच्या खोलीत तिच्या माहेरचा पलंग सुटा करून ठेवलाय ना, त्याचा एक कातीव पाय घेतला, गोंडेवाला, लाल पॉलिशचा. चौदा इंचांवर कापला, लोखंडी पट्टी लावली आणि चार स्क्रूंनी बाकाला ठोकून बसवला. बैठकीखाली पाचर मारून बाक सरळ केला. बुडबुडा बरोबर मध्यभागी! मी आनंदानं स्वतःच चहा करून घेतला आणि बाकाकडं बघत प्यालो, उभ्यानं.

शकीलामॅडम आल्या. तू पाठवलेला बाकाचा फोटो मोबाईलवर काढून त्यांनी एकदा फोटोकडं बघितलं, एकदा बाकाकडं. मग खाली वाकून पट्टीला बोट लावलं. "फोटोत हा पाय नव्हता. हा कुणी लावला?" तनुजा, इथं मला खरं बोलायला पुरेपूर वेळ होता. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकण्याइतका होता. पण चेहऱ्यावरून त्यांना तो पाय आवडला नाही हे कळलं, आणि मी, एवढी धरणं-कालवे बघितलेला माणूस, म्हणालो, "तिनंच लावला. तिला स्वतःलाच चूक कळली." त्यांनी मोबाईल पर्समध्ये टाकला. मग म्हणाल्या, "अफसोस है. करणाऱ्यालाच आपल्या कामाचा भरोसा नसेल, तर आम्ही कशाच्या भरोशावर ठेवायचं?" मी मान डोलावली. तुझ्याविरुद्ध बोलल्या आणि मी मान डोलावली! त्या गेल्यावर तुला नकाराचं पत्र आलं, त्यात त्या चौथ्या पायाचा उल्लेख आहे, हे तू फोनवर सांगत होतीस तेव्हाच माझा आवाज तुटला.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी म्हण आहे. इथं गणपती आधीच झालेला होता, मी त्याचा मारुती केला.

फोन ठेवल्यावर मी मामीला पाय दिसू नये म्हणून बाकावर टाकलेली चादर ओढली, पट्टी सोडवली, पाय काढला, पाचर उपटली. बाक पुन्हा डावीकडं कलला. मामी देवळात गेली होती. घरात कुणी नाही, पडलो तरी बघणारं नाही, म्हणून बसलो. आणि तनुजा, मला उठवेना. पंचवीस वर्षांपूर्वी कालव्याच्या भरावावरून घसरलो तेव्हापासून डाव्या कुशीत जी कळ आहे, खुर्चीत बसलो की चढते आणि उठलो की पायात उतरते, ती नव्हती. खळग्यात मी असा बसलो जसं कुणी मला हातानं धरून बसवलंय. तेव्हा मला भाऊबीज आठवली. ओवाळून झाल्यावर तू घमेलंभर ओली माती आणलीस, वर प्लॅस्टिक टाकलंस आणि "मामा, पाच मिनिटं यावर बसा" म्हणालीस. मी पोरीची चेष्टा समजून बसलो, पेपर वाचला, नवीन पँट खराब झाली म्हणून तुझ्यावर ओरडलोसुद्धा. तू त्या मातीवरून सात महिने बाभूळ कोरलीस. बाक वाकडा नव्हता गं, मी वाकडा आहे. जगाला पाणसळ लावत फिरलो, स्वतःला कधी लावली नाही.

बाक उलटा केल्यावर खाली तुझी सही दिसली, पाय ठोकताना माझं तिकडं लक्षच गेलं नव्हतं. तिच्या शेजारी माझ्या स्क्रूंची चार भोकं आहेत. मला खरोखर लाज वाटते. इतकी, की आज सकाळपासून पाणसळ कपाटातच आहे, आणि हॉलमधलं कॅलेंडर तिरकं आहे हे दिसूनही मी तसंच ठेवलंय.

शक्य झालं तर माफ कर. नाही झालं तरी भाऊबीजेला ये.

तुझा, सर्व बाजूंनी उतरता,
सोमनाथमामा

ता. क. शकीलामॅडमना काल पत्र लिहून, त्याचा फोटो मोबाईलवर पाठवून सगळं कबूल केलं. आज सकाळी त्यांचा फोन आला. मला काही बोलल्या नाहीत, फक्त "शनिवारी परत येते, भोकांसकट बघेन" म्हणाल्या. तू शनिवारी इथं असावंस. बाकाशेजारी जी पाटी लावतात तिच्यावर तुझ्या नावाखाली "भोकं : सोमनाथमामा" असं लिहायला माझी हरकत नाही.

ता. क. २. आता मूळ काम. मामीच्या माहेरच्या पलंगाला सध्या तीनच पाय आहेत. तिचा भाऊ पुढच्या महिन्यात राहायला येतोय आणि त्याला तोच पलंग टाकायचा तिचा बेत आहे. कापलेला पाय, उरलेल्या तुकड्यासकट, मापासाठी सोबत पाठवतोय. तसाच एक करून देशील का? गोंड्यासकट. साधा, सरळ, कलाबिला काही नको.

ता. क. ३. हे पत्र आणि पाय कडुबाच्या हाती पाठवतोय, तो उद्या करमाडला कामाला जाणार आहे. त्याला चहा दे, दोन कप दे. आमच्या घरी त्याचा चहा बंद झालाय. कारण मामीनं विचारलं तेव्हा पलंगाचा पाय कडुबानं नेला असं मी सांगितलंय. त्याला हे माहीत नाही. तिनं दारात त्याच्याशी बोलणं टाकलं, तर तो बिचारा मलाच विचारत होता, "वहिनी आजारी हायेत का?"

ता. क. ४. शनिवारी मामीला तूच खरं सांगशील, मी तोवर दळण घेऊन येतो, असं लिहिणार होतो. पण नको. मीच सांगतो, कडुबालाही बोलावून घेतो. तू फक्त माझ्या शेजारी बस. बाक एकाच्याच मापाचा आहे, पण मी सरकेन.