मेणात न बुडवलेली गिटार

कॅलमझू, ३ नोव्हेंबर १९८७
आले एकदाची! गेरिट हुकस्ट्राच्या गिटार-दुरुस्तीच्या दुकानात नोकरी, आणि दुकानाच्या वरच राहायला खोली. खिडकीतून नदी दिसते, खालून सरसाचा वास येतो. मजा आहे माझी. डेट्रॉइटला इतकी वर्षं राबले, काम माझं आणि नाव मालकाचं. इथे तसं चालायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. म्हातारा हसला. म्हणाला, अगं नोरीन, आधी कॉफी तर पी.

५ नोव्हेंबर
पहिलंच काम झकास आहे. एक जुनी इलेक्ट्रिक गिटार, ना छाप, ना क्रमांक. ती कोणी बनवली ते शहराच्या संग्रहालयाला लेखी हवंय. गेरिटने ठरवूनच टाकलंय: नदीकाठच्या बंद कारखान्याचे मालक हार्लनसाहेब. मी गिटारची मान सोडवून पाहिली. लाकूड तुकडे जोडून केलेलं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईतलं. तेव्हा पुरुष सगळे लढाईवर, कारखाना बायकाच चालवत होत्या. शिवाय मागची बाजू छातीपाशी खोलगट घासलीय, टोचू नये म्हणून. हार्लनसाहेबांना काय करायचंय त्याचं? ही बाईनेच बनवली, असं मी म्हटलं. गेरिट म्हणाला, असेल बुवा, पण तिचं नाव कुठाय? नाव नसेल तर संग्रहालयाच्या पाटीवर हार्लनच. बघतेच मी.

९ नोव्हेंबर
तारांचा आवाज पकडते ती तांब्याची गुंडाळी मेणात बुडवलेलीच नाही. अशी गुंडाळी माणसाचं बोलणंही पकडते आणि अँप्लिफायरमधून ऐकवते. म्हणून आम्ही दुरुस्तीवाले तिच्याजवळ तोंड नेऊन काहीबाही बडबडतो. ऐकू आलं, की मेणात बुडवायची, म्हणजे गप्प बसते. मी गमतीने विचारलं, "कुणी केलं गं तुला?" आधी माझाच प्रश्न ऐकू आला. मग जरा थांबून, माझ्याच आवाजात, "विल्मा."
मी तोंड उघडलं नव्हतं.

१० नोव्हेंबर
गेरिटला सांगितलं तर पांढराफटक पडला. त्याची आई त्याच कारखान्यात होती. ती सांगायची, विल्माने गिटार केली, हार्लनने आपली म्हणून मिरवली, आणि जाब विचारायला गेलेली विल्मा पुन्हा कुणाला दिसली नाही. गिटारच्या आधीच्या मालकानेही गिटारला असंच विचारलं होतं म्हणे. आता त्याला नावाने हाक मारली तर तो मान वळवत नाही.
गेरिट म्हणाला, "आजच बुडव तिला. ती फुकट काही सांगत नाही."
मी साफ नाही म्हटलं. त्या बाईचं तोंड एकदा बंद केलंत, तेवढं पुरे. माझा घसा मात्र बसलाय.

१५ नोव्हेंबर
हरणांच्या शिकारीचा मोसम आज उघडला. गेरिट बंदूक घेऊन गेला. मी गिटार आणि अँप्लिफायर वर खोलीत आणले. नुसत्या 'विल्मा'वर पाटी लागणार नाही, आडनाव हवं. भर दुपारी विचारलं. "पोस्टमा," असं उत्तर आलं.
माझा आवाज गेला. पार गेला. जाऊ दे. हात आहेत ना.

१७ नोव्हेंबर
गेरिट परतला. खालून "नोरीन!" अशी हाक आली. मला वाटलं, कुणाला बोलावतोय हा — दुकानात तर दुसरं कुणी — आणि अँप्लिफायरमधून माझ्या आवाजात उत्तर गेलं, "आले हं."
वायर मी सकाळीच काढली होती.
खाली मेण वितळतंय. मी कडी लावलीय.

१७, संध्याकाळ
दार ठोकतोय. ठोक. भीती वाटतेय, तरी संग्रहालयाचा कागद पुरा केला. बनवणारी: विल्मा पोस्टमा. आता बुडवा नाहीतर जाळा, मला पर्वा नाही.
खाली सही तेवढी राहिलीय. गिटार ओळखणारीचं नाव. या वेळी मालकाचं नाही, माझंच घालणार. मी —
काय बरं —
ती सांगायला बघतेय. नको. तुला नाही विचारणार —
मागचं पान उलटलं. तिथे नोरीन लिहिलंय. कोण ही नोरीन? — अक्षर तर माझंच —
कडी निघतेय —
ओळखीचं नसलं तरी लिहिणार. बघून बघून लिहिणार. नो