कागदावरची मधली

सोमवार, १ सप्टेंबर

लिही गं थोरले, की आज आम्ही नव्या घरात आलो. आम्ही म्हणजे मी, माझी अकरा वर्षांची थोरली नात आणि पाच वर्षांचा धाकटा नातू. मी सांगायचं आणि थोरलीनं लिहायचं असं ठरलंय. मला अक्षर येत नाही आणि तिला बोलणं येत नाही, दोघी मिळून एक धड माणूस होतो. रोज लिहीत जा, मन हलकं होतं, असं बालगृहातल्या ताईंनी तिला सांगितलं होतं, पण पोरीनं वही कोरीच ठेवली. म्हटलं, आण इकडे, माझंच करू हलकं.

घर खात्याचं आहे. ज्या मुलांना आईबाप सांभाळू शकत नाहीत ती आजीआजोबांच्या हवाली करायच्या आधी सहा आठवडे इथे ठेवून बघतात, म्हातारीला झेपतं का ते. दुसरा मजला, दोन खोल्या, खिडकीखाली बसथांबा. नळाला पाणी असं धो धो की भांडं धरलं तर हातातून पळतं. माझी लेक दवाखान्यात आहे, तिची दारू सुटायची आहे. जावई कधीच सुटला. हे सहा आठवडे नीट गेले की मुलं माझ्या ताब्यात. नाही गेले तर परत बालगृह, आणि या खेपेस मुलगी एका गावाला, मुलगा दुसऱ्या. तेव्हा नीट जाणारच. चार पोरं वाढवलीत मी, त्यातली तीन तर माणसात आहेत.

सकाळी कार्यालयात अंगठा दिला. थोरली म्हणाली, आजी, आधी वाचू का? मी म्हटलं, अगं, कारकुनाची जेवायची वेळ झाली, बघ डब्याकडे कसा टक लावून बसलाय. आणि दिला ठोकून. जन्मभर असेच अंगठे दिले. एक लग्नाचा सोडला तर कुठला अंगलट आला नाही.

खात्याचं मन मोठं आहे. माझी सोडून मुलांच्याच गाद्या तीन, दात घासायचे ब्रश तीन, दप्तरं तीन. धाकट्यानं तिन्ही गाद्यांवर उड्या मारून बघितल्या आणि मधली सगळ्यात मऊ आहे असा निकाल दिला.

मंगळवार, २ सप्टेंबर

तिसऱ्या गादीचा उलगडा झाला. कागदाची आपली प्रत थोरलीनं आज वाचली. त्यात मुली दोन, मुलगा एक. नावांच्या रकान्यात नुसती रेघ, मागाहून भरू म्हणून मारलेली. डब्याकडे बघत लिहिलं की असं होतं.

दुरुस्त करायला निघालेच होते, तर खाली चावीवाला भेटला. याच्याकडे सगळ्या घरांच्या चाव्या आणि त्याहून जास्त बातम्या. तो म्हणाला, आजी, कागद परत गेला की मुलंही परत जातात. कागद येईपर्यंत बालगृहात. मागच्या आजोबांनी एक आकडा बदलायला दिला, ते अजून वाट बघताहेत. मी गुपचूप वर आले. झाकली मूठ सव्वा लाखाची. एका पोरीचं दूध जास्त येईल, त्याचं दही लावू.

बुधवार, ३ सप्टेंबर

देखरेखीच्या बाई आल्या. दर बुधवारी तीनला येणार. माणूस मऊ, पण पेन कडक. थोरली त्या वेळी शाळेत असते. धाकटा मांडीवर होता. बाईंनी विचारलं, आणि मुली?

एक शाळेत, म्हटलं. आणि मधली खेळायला गेली.

जीभ कशी वळली कोण जाणे. बाई म्हणाल्या, सांगा तिच्याबद्दल. मग काय, मला सांगायला लावणं म्हणजे उतारावरच्या गाडीला धक्का देणं. म्हटलं, आठ वर्षांची आहे. पुढचा दात हलतोय, आज पडेल की उद्या. केसांना कंगवा लावू देत नाही. पावाच्या कडा तेवढ्या खाते आणि मऊ भाग ताटात टाकते. जिना पाय आपटत चढते. बाई लिहितच राहिल्या. थोरलीचं विचारलं तेव्हा म्हटलं, तिचं काय सांगायचं, शहाणी आहे, त्रास म्हणून नाही. त्या ओळीवर बाईंचं पेन टेकलंसुद्धा नाही.

हे लिहिताना थोरली म्हणते, आजी, खोट्याच्या कपाळी गोटा. म्हटलं, कपाळ माझं आहे, तू लिही.

बुधवार, १० सप्टेंबर

आज मधलीला शेजारी अभ्यासाला धाडलं. शेजार आहे कुठला! शेजारच्या घराला कुलूप. पण गोष्ट रंगली. रागावली की श्वास रोखून बसते. भावाची खेळणी लपवते. कुणी पेन खाली ठेवलं की उचलून घेते. बाई हसल्या, म्हणाल्या, आजी, या मुलीला तुम्ही किती बारकाईनं ओळखता! लाज वाटायला हवी होती, माझी तर छाती फुगली.

थोरलीचं पान आजही कोरं गेलं. पुढल्या खेपेस सांगीन. पळून जाते थोडीच.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

बेसिनमध्ये दात सापडला. लहान मुलाचा, मुळाशी ताजं रक्त. धाकट्याचे मोजले, सगळे जागच्या जागी. थोरलीचे पडून झाले. माझे तर पेल्यात असतात.

कागदात गुंडाळून फेकला. आधीच्या कुणाचा असेल. पण रक्त ताजं होतं.

दुपारी ताटात पावाचे मऊ तुकडे पडलेले. कडा नाहीत. धाकट्याला रागे भरले तर तो म्हणाला, मी नाही, ती.

सोमवार, १५ सप्टेंबर

थोरली शाळेत, धाकटा माझ्यासमोर, आणि जिन्यात कुणी पाय आपटत चढतं. दारापाशी येऊन थांबतं. मी उघडलं. कुणी नाही.

तिसरा ब्रश ओला आहे. मधल्या गादीवर हात ठेवला तर ऊब लागली. भर दुपारी, खिडकीतून ऊन येत असताना माझ्या अंगावर काटा आला. मी, जिनं स्मशानाला लागून वीस वर्षं संसार केला.

बुधवार, १७ सप्टेंबर

आज खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं. शब्द जुळवून बसले होते.

बाई आत आल्या त्याच हसत. म्हणाल्या, भेटली बाई एकदाची तुमची मधली! जिन्यात होती. काय ते केस! आणि दात पडला की हो.

त्यांच्या मागे, दारात, ती उभी होती.

मी काय बोलणार होते? ही माझी नाही म्हटलं तर दोन आठवडे खोटं बोललेली म्हातारी. ही हवेतून आली म्हटलं तर वेडी म्हातारी. दोन्हीकडून पोरं जातात. मी म्हटलं, ये, चपला बाहेर काढ.

तिनं काढल्या.

शनिवार, २० सप्टेंबर

तिघांना वाढते. ती कडा खाते. मी सांगितलं होतं तेवढंच करते. श्वास रोखते, खेळणी लपवते, पेन उचलते. त्यापलीकडे काही नाही. तहान नाही, शिंक नाही, ठेच लागत नाही.

चेहऱ्याचं बाईंनी विचारलं नव्हतं. मीही सांगितला नव्हता. तिच्याकडे बघते तेव्हा दात पडलेली फट दिसते, केस दिसतात. नजर वळवली की चेहरा आठवत नाही. थोरलीला विचारलं, तुला आठवतो का? तिनं नाही म्हणून मान हलवली.

बुधवार, २४ सप्टेंबर

थोरलीबद्दल सांगायला तोंड उघडलं. तर मधली बाईंच्या मांडीवर जाऊन बसली. बाई तिच्याबद्दलच लिहीत राहिल्या. पान भरलं. म्हणाल्या, थोरलीचं पुढच्या वेळी, ती काय, गुणीच आहे.

गुणी पोरीला कुणी ओळीचीही जागा देत नाही. मी तरी कुठे दिली.

शनिवार, २७ सप्टेंबर

तिला चेहरा आला.

जिवणी थोरलीची. भुवया थोरलीच्या. आणि थोरलीकडे बघते तर चेहरा पुसट — डोळ्यांत मोतीबिंदू असेल माझ्या. असू दे, मोतीबिंदूच असू दे —

धाकट्यानं आज तिला ताई म्हणून हाक मारली. थोरली शेजारीच होती. तिला त्यानं विचारलं, तू कोणाकडे आलीस?

थोरलीनं हे लिहिलं आणि पेन ठेवलं. ठेवू नको म्हटलं, ठेवू नको — ती उचलते.

बुधवार, १ ऑक्टोबर

थोरलीला शाळेत धाडलं नाही. हाताला धरून बसवली. बाईंसमोर आज सगळं सांगणार, मग होऊ दे व्हायचं ते.

बाई खुशीत. म्हणाल्या, कागदात चूक होती, कार्यालयानं आपणहून सुधारली. मुलं दोन. एक मुलगी, एक मुलगा. सहा आठवड्यांची वाट न बघता ताब्याचा हुकूमही आला. अभिनंदन, आजी.

दोनच! हेच तर सांगणार होते मी — मी रडले. बाईंच्या पाया पडायचंच बाकी होतं.

मग त्यांनी थोरलीकडे बघून विचारलं, ही कोण? शेजारची?

मी ओरडले. माझी नात आहे, थोरली, ती दुसरीच माझी नाही. बाईंनी फाईल उघडली. चार आठवड्यांची पानं वाचून दाखवली. दात, केस, पाव, जिना. सगळं माझ्याच तोंडचं. थोरलीचं पान काढलं. कोरं. मी म्हटलं, शाळेत विचारा, बालगृहात विचारा. त्या म्हणाल्या, विचारू ना, चौकशी होईल, तोवर कागद नसलेली मुलगी तुमच्याकडे ठेवता येणार नाही. शुक्रवारी गाडी येईल.

धाकटा मधलीच्या कुशीत बसला होता. तिच्या.

गुरुवार, २ ऑक्टोबर

पळून जाणार होते दोघांना घेऊन. चावीवाल्यानं खालचं दार लावून घेतलंय. वरून सांगितलंय म्हणे. डोळे वर करत नव्हता.

थोरली रडत नाही. भांडी घासून ठेवली. धाकट्याची बटणं शिवली. म्हणते, आजी, तू जाऊ दे मला, नाहीतर त्यालाही नेतील. अगं, एकदा तरी आरडाओरडा कर! एकदा तरी लोकांना त्रास दे —

ती म्हणते, आजी, पान संपत आलं, हळू बोल.

सोमवार, ६ ऑक्टोबर

पेन मधलीच्या हातात आहे. घरात दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही.

शनिवारी बालगृहात गेले. शुक्रवारच्या गाडीतून कुणी उतरलंच नाही म्हणाले. आधी इथे होती तेव्हाचं बघा म्हटलं, तर वहीत एकटा धाकटा. शाळेत बाक आहे, नाव नाही. तोंडी चालत नाही, आजी, लेखी द्या, म्हणतात. चावीवाल्याला लिही म्हटलं तर हात जोडतो.

म्हणून लेखी. लिही. बालगृहाच्या साहेबांना. शुक्रवारी दुपारी तुमच्या गाडीनं माझी नात नेली. अकरा वर्षांची. ती मला परत द्या. — वाच बघू काय लिहिलंस. —

वाचलं. तिनं बोट ठेवून वाचलं. एक शब्द चुकला नाही.

पुढे लिही. तिच्याबद्दल मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, ते आता सांगते. भावाच्या चपलेचा पट्टा तीच लावायची. राग आला की भांडी घासायची, चकचकीत भांडी दिसली की मी ओळखायची. अंधाराला भ्यायची, पण दिवा लाव म्हणायची नाही. हसायची तेव्हा आवाज नाही, नुसते खांदे — लिहिलंस? हे सगळं लिहिलंस ना? —

आता वर, पहिल्या ओळीत, तिचं नाव. पूर्ण नाव, मोठ्या अक्षरात. नाव मला पाठ आहे, मीच ठेवलंय. लिही, माझ्या थोरलीचं नाव आहे —