चुकीच्या कप्प्यातली पत्रं

३ फेब्रुवारी

दोष सुनेत नाही. मुलात आहे! चार गर्भ गेले, चारही वेळा ती माझ्याकडे अपराध्यासारखी बघायची. आज दवाखान्यातून आली ती थेट माझ्याजवळ जमिनीवरच बसली. "आई, माझ्यामुळे नव्हतं हो!"

मुलाच्या पेशींत दोन गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदललेत. त्याचं स्वतःचं काही अडत नाही, पण गर्भ टिकत नाही. मला लगेच समजलं. तीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं लावली मी. दोन गठ्ठे एकमेकांच्या कप्प्यात पडले तरी कचेरीत पत्रं तेवढीच असतात. वाटपाला निघाली की घोळ — एका घरी दुप्पट, दुसऱ्या घरी काहीच नाही.

आता प्रयोगशाळेत गर्भ तयार करणार, तपासणार, आणि चांगला तेवढाच पोटात ठेवणार.

४ फेब्रुवारी

मुलात आलं कुठून? कुणी विचारलं नाही. मीच विचारतेय.

९ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी विचारलंय, घरात आधी कुणाचे गर्भ गेले होते का. "आमच्याकडे कुणाचेच नाहीत ना?" मुलगा मला म्हणाला. मी भाजी चिरत होते.

"तीन. तुझ्या आधी."

अडतीस वर्षांत पहिल्यांदा तोंडातून निघालं. सुनेनं माझ्या हातातली सुरी काढून घेतली. "आई, एवढं मोठं, आणि कधी बोलला नाहीत?"

बोलण्यासारखं काय होतं? मी टपालाच्या जड पिशव्या उचलायची, म्हणून गेले — असंच धरून चालले. आमचे हे त्याच कचेरीत पोस्टमन. दुसरा गेल्यावर रोज तासभर आधी येऊन माझ्या पिशव्या हेच उचलून ठेवायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. तरी तिसरा गेलाच.

ह्यांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल.

१२ फेब्रुवारी

मीही तपासणीला रक्त देऊन आले. सून म्हणाली, "कशाला, आई? कुठून आलं ते कळून आता काय फरक पडतो?"

मला पडतो. लेकाला हे मी दिलं असेल, तर मला कळायला हवं.

सुई टोचताना तिनं माझा हात धरला. चारही वेळा मी तिचा धरायला हवा होता. मी स्वयंपाकघरात काम काढून बसले होते.

२६ फेब्रुवारी

पाच गर्भ झाले! प्रत्येकाच्या चारदोन पेशी काढून तपासायला पाठवल्या. गर्भ गोठवून ठेवलेत.

मुलगा म्हणाला, "आई, तुझ्या टपालानं पाठवायला हव्या होत्या."

"छे!" सून म्हणाली. "पोर लग्नाचं झालं असतं, तेव्हा निकाल आला असता!"

तिघंही हसलो. किती दिवसांनी!

१४ मार्च

फोन आला. चार चांगले नाहीत. एक चालेल, पण त्यातही बापासारखीच अदलाबदल आहे. पुढे त्या मुलालाही हाच त्रास होऊ शकतो. "तरी चालेल का?"

मुलाचं तोंड उतरलं. सून फोनवरच म्हणाली, "असलाच एक घरात आहे. नऊ वर्षं चालतोय!"

मी आत जाऊन रडले. ते चार जाणारच होते. तिच्या पोटातून गेले नाहीत. चार वेळचं तिचं रडणं वाचलं. आभार मानू तरी कुणाचे? डॉक्टरीणबाईंचे, आणि त्या पेशी अलगद काढणाऱ्या कुणा मुलीचे. तिला मी कधी पाहणारही नाही.

१५ मार्च

माझ्या रक्ताचा निकाल अजून नाही. वाट बघण्याची सवय आहे म्हणा.

२१ मार्च

पाकीट आलं. सवयीनं आधी शिक्का पाहिला, मग फोडलं.

माझ्यात काही नाही.

म्हणजे ह्यांच्यात होतं. पिशव्यांनी काही झालं नव्हतं — आणि हे बिचारे उचलत राहिले.

बरं झालं, तेव्हा ही तपासणी नव्हती. ह्यांना सोसलं नसतं. मला सोसलं.